चिनी वैद्यक मुळापासून शिकायचंय, मार्गदर्शन हवं आहे

रानजाई:

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, बीएएमएस झालंय, छोटी ओपीडी चालवते. बरेच दिवस चिनी वैद्यकाचं वाचन चालू आहे आणि आता ते नीट शिकायचंच असं मनाने घेतलंय. इथे कोणी चीन, सिंगापूर, तैवान कुठेही राहून हे शिकलंय किंवा जवळून बघितलंय का? महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर करणारं कोणी असेल तर त्यांनीही प्लीज लिहा, लांबलचक प्रतिसाद आनंदाने वाचेन.

आधीच सांगते, वीकेंड कोर्स करून सुया टोचायला लागायचं असं माझं नाहीये. ते लोक पेशंटकडे बघून विचार कसा करतात ते मला शिकायचंय. तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंचं काम वाचलं तेव्हापासून हे डोक्यात आहे. मलेरियावर औषध शोधायचा सरकारी प्रकल्प चीनमध्ये १९६७ ला सुरू झाला, त्यात त्यांच्या टीमने जुन्या ग्रंथांतले शेकडो कल्प, म्हणजे औषधांच्या कृती, तपासले, छिंगहाओ ही वनस्पती हाती लागली पण रिझल्ट एकसारखे येईनात. मग चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात त्यांना दिसलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यायला सांगितलाय, उकळायला सांगितलेलंच नाही. त्यावरून त्यांनी उष्णता टाळून इथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो अर्क उंदीर-माकडांच्या मलेरियावर लागू पडला, पुढे आर्टेमिसिनिन हे औषध, २०१५ चं नोबेल वगैरे सगळं आपल्याला माहीतच आहे. यावरून सगळं चिनी वैद्यक सिद्ध झालं असं मी अजिबात म्हणत नाही, पण कल्पांची एक-एक ओळ किती लक्ष देऊन वाचायला हवी हे मला त्यातून कळलं, आणि आपल्या संहितांकडेही मी आता तशीच बघते.

आता अडलंय कुठे ते सांगते. एक म्हणजे त्यांची पाच तत्त्वं, लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. मी ती आपल्या पंचमहाभूतांवर बसवायला जाते आणि गाडी अडते, कारण वायू आणि आकाश तिथे नाहीत आणि लाकूड-धातू आपल्याकडे नाहीत. शिवाय त्यांचं प्लीहेचं वर्णन वाचलं तर ते मला आपल्या जठराग्नीच्या जवळचं वाटतं, शरीररचनेतल्या प्लीहेशी त्याचा काही संबंध लागत नाही. दुसरं नाडी. जागा तीच, बोटं तीच तीन, पण आपण तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ बघतो आणि त्यांच्याकडे डाव्या हाताला हृदय, यकृत, वृक्क (किडनी), उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा आणि परत वृक्क, तेही वरवर दाबून वेगळं आणि खोल दाबून वेगळं. नाड्यांचे प्रकार अठ्ठावीस. हे पुस्तकातून कसं येणार?

आणि मुख्य प्रश्न, चीनला जाऊन पाच वर्षांची डिग्री करावी, की इथेच ॲक्युपंक्चरचा मान्यताप्राप्त कोर्स करून बाकीचं वाचत राहावं? चिनी भाषा आधी शिकावी का? घरी दोन लहान मुलं आहेत, तेव्हा निर्णय विचार करूनच घ्यावा लागणार.

(आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते सर्जन म्हणून, पण त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात आणलं. हे वाचून फार बरं वाटलं होतं.)

वाटसरू६२:

रानजाई, मी सिंगापूरला बरीच वर्षं आहे, डॉक्टर नाही, पण बायकोच्या मायग्रेनमुळे इथल्या चिनी दवाखान्यांत भरपूर जाणं झालंय. इथे २००० साली यासाठी कायदा झाला, ॲक्युपंक्चरिस्टचं रजिस्ट्रेशन वेगळं आणि औषधं देणाऱ्या चिनी वैद्याचं वेगळं. थोंग चाय नावाची संस्था तर १८६७ पासून जात-धर्म न बघता मोफत तपासते. पण इथलं बहुतेक शिक्षण मँडरिनमध्ये चालतं, इंग्रजीवर भागत नाही.

चीनमध्ये इंग्रजी माध्यमाचे कोर्स आहेत, बीजिंग, शांघाय, नानजिंग, छंगदू इथल्या विद्यापीठांची नावं तुम्ही वाचली असतीलच. पण ओपीडीत समोर बसलेली आजी इंग्रजी बोलणार नाही आणि त्यांचं निदान अर्ध्याहून जास्त प्रश्न विचारण्यावर असतं, थंडी वाजते का, घाम कधी येतो, तहान लागते पण पाणी प्यावंसं वाटत नाही असं होतं का, शौच कशी होते. बायकोला पहिल्या वेळी एवढे प्रश्न विचारले की डोकेदुखीचा विषय शेवटी निघाला. दुभाष्यामार्फत यातलं निम्मं हरवतं, म्हणून भाषा आधीच शिका.

आणि एक काळजीपोटी सांगतो, त्या डिग्रीवर भारतात चिनी औषधं देता येतील असं रजिस्ट्रेशन नाही. पाच वर्षं आणि एवढा पैसा घालवण्याआधी याचा विचार करा.

गोदाकाठ:

ताई, मी नाशिकला ॲक्युपंक्चर करतो, मूळचा फिजिओ. महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, कौन्सिल आहे, केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा तुमच्या परिस्थितीत मी इथून सुरुवात करा म्हणेन, चीनचं नंतर बघता येईल.

पंचमहाभूतांवर बसवणं मात्र आजच सोडा. आपली महाभूतं म्हणजे पदार्थ कशाचा बनलाय ते, त्यांची पाच म्हणजे बदलाच्या अवस्था आणि त्यांचे एकमेकांशी संबंध, कोण कोणाला पोसतं आणि कोण कोणाला आवरतं. तुमच्याच ओपीडीतली केस घ्या, सुनेला घरात ताण आहे, बरगडीखाली जड वाटतं, उसासे टाकते, पाळीआधी छाती दुखते, आणि भूक गेली, पोट फुगतं, शौच पातळ. ते म्हणतील यकृत (लाकूड) तुंबलंय आणि ते प्लीहेला (माती) दाबतंय, म्हणून नुसतं यकृत मोकळं करून चालणार नाही, प्लीहेला बळ पण द्यायचं. सियाओ-याओ-सान हा त्यांचा प्रसिद्ध कल्प बघा, छायहू यकृतासाठी, बाइझू आणि फूलिंग प्लीहेसाठी, शिवाय आलं आणि ज्येष्ठमध, म्हणजे दोन तर तुमच्या कपाटातलीच. असा एक-एक कल्प घेऊन प्रत्येक द्रव्य का घातलंय ते स्वतःला विचारत गेलात की विचारपद्धत आपोआप कळायला लागते. नुसती तत्त्वं वाचून मला तरी काही कळलं नव्हतं.

नाडीसाठी मी केलेलं सांगतो. पेशंट बोलायच्या आधी नाडी बघून कागदावर लिहायचं, मग हिस्ट्री घ्यायची आणि ताडून बघायचं. सुरुवातीला फक्त वरची-खोल, जलद-मंद, भरलेली-रिकामी एवढंच. ताणलेल्या तारेसारखी शिएन आणि बोटाखालून घरंगळणारी हुआ हळूहळू ओळखू येतात. जीभ रोज बघा, ती नाडीपेक्षा लवकर जमते.

सुयांबद्दल कडक राहा. मोजमाप पेशंटच्याच बोटांनी, अंगठ्याची रुंदी एक त्सुन, चार बोटं मिळून तीन, अंगुलीप्रमाण तुम्हाला नवीन नाही. पण खांद्यावरच्या जिएनजिंग बिंदूखाली फुप्फुसाचं टोक आहे, तिथे सुई खोल गेली तर न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा शिरते. हाताच्या हगू बिंदूवर गरोदरपणी सुई टाळतात. सुया फक्त डिस्पोजेबल.

औषधांच्या बाबतीतही घाई नको. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत हान फांगची या वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया जातीची ग्वांग फांगची गेली, शंभरहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आपली ईश्वरी म्हणजे सापसंद याच वर्गातली आहे, तेव्हा हे तुमच्याही कामाचं.

आणि पुरावा स्वतः वाचा. जर्मनीत कंबरदुखीवर १,१६२ पेशंटचा मोठा अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के सुधारले, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४. म्हणजे पेशंटला फायदा झाला, पण नेमक्या बिंदूचा वाटा फार थोडा दिसला. मी हे माझ्या पेशंटना सांगतो आणि तरी सुया करतो, कारण कंबर धरलेल्या माणसाला हालचाल सुरू करता येणं फार महत्त्वाचं असतं.

रानजाई:

दोघांचे मनापासून आभार. ताण आणि पोटाचं उदाहरण वाचून दोन पेशंट लगेच डोळ्यांसमोर आल्या, उद्यापासून नाडी आधी लिहून ठेवणार. चीनचं सध्या बाजूला ठेवते, मँडरिनचा ऑनलाइन क्लास लावते आणि इथला कोर्स बघते.

गोदाकाठ दादा, एवढंच सांगा, प्रवेश घ्यायच्या आधी संस्थेत काय काय विचारू? प्रत्यक्ष पेशंटवर किती तास काम मिळतं, शिकवणारे स्वतः ओपीडी चालवतात का, आणि नाडी-जीभ खरंच शिकवतात की फक्त बिंदूंचे तक्ते पाठ करून घेतात? अजून काही असेल तर तेही लिहा. आणि सोलापूर-पुणे पट्ट्यात आठवड्यातून एखादा दिवस ओपीडीत बसू देणारं कोणी माहीत असेल तर इथे नाव नको, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.