जॅझ आणि प्रोग रॉक समोर बसून ऐकलंय? अनुभव लिहा

मंडळी, रेकॉर्डिंग आपण सगळेच ऐकतो. पण प्रत्यक्ष मैफलीत बसल्यावर असं काय कळलं जे हेडफोनवर कधीच कळलं नव्हतं, ते इथे लिहा. जॅझ असो, प्रोग (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांब गाण्यांचं आणि अवघड तालांचं) असो, वेगवेगळ्या शैली मिसळणारं फ्यूजनही चालेल. सुरुवात मीच करते.

किंग क्रिमसन हा प्रोग बँड, जून २०१९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. परवडणारं तिकीट अगदी वरचं मिळालं, पण त्यामुळेच सगळं स्टेज दिसलं. पुढे तीन ड्रमसेट, त्यावर पॅट मॅस्टेलोटो, जेरेमी स्टेसी आणि गॅव्हिन हॅरिसन, आणि गिटार, बास, सॅक्सवाले मागे चौथऱ्यावर, म्हणजे नेहमीच्या रॉक बँडच्या बरोब्बर उलट. मला वाटायचं तीन ड्रमर म्हणजे नुसता दणदणाट असणार, तर छे, एकच ठेका तिघांनी वाटून घेतलेला, एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा उठणार, आणि सगळा वेळ एकमेकांवर नजर. ‘स्टारलेस’ या त्यांच्या गाण्यातला १३ मात्रांचा भाग आला तेव्हा रॉबर्ट फ्रिपची गिटार एकेका सुरावर अडून बसते, ताण चढत जातो आणि बरोबरीने स्टेजवरचा प्रकाश हळूहळू लालभडक होतो, शेवटी सॅक्स सुटतो तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आणखी एक, त्यांच्या मैफलीत फोटो काढायला बंदी असायची. शेवटी बासवाला टोनी लेविन स्वतःचा कॅमेरा वर करायचा, की मगच प्रेक्षकांनी फोन काढायचे. हा नियम सगळीकडे हवा असं माझं ठाम मत आहे.

* * *

छान धागा! हाच गॅव्हिन हॅरिसन आम्ही पवईत ऐकलाय, डिसेंबर २००९, आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात त्याचा दुसरा प्रोग बँड पॉर्क्युपाइन ट्री आला होता तेव्हा. हा बँड भारतात येईल हे आमच्या ग्रुपला खरंच वाटत नव्हतं, पुण्याहून सगळे एसटीने आलो. आजूबाजूची पोरं अवघड तालसुद्धा बरोबर पकडून मुंड्या हलवत होती, तोपर्यंत मला वाटायचं हे संगीत ऐकणारा आख्ख्या महाराष्ट्रात मी एकटाच. पुढे २०१६ ला याच बँडचा गायक-गिटारवाला स्टीवन विल्सन पुण्याच्या वीकेंडर संगीत महोत्सवाला आला तेव्हाही गेलो. आवाज चोख होता, पण पवईची सर नाही.

* * *

आता थोडं जुनं सांगतो. १९७८ साली मुंबईत जॅझ यात्रा या महोत्सवाची पहिली खेप झाली, धोबीतलावला, झेवियर्सच्या शेजारच्या रंगभवनात. वर उघडं आकाश आणि स्टेजवर अमेरिकन सॅक्सवादक सॉनी रोलिन्स! आम्ही कॉलेजची मुलं, जॅझ म्हणजे रेडिओवर रात्री उशिरा खरखरत लागायचं तेवढंच माहीत. रोलिन्स एक साधीशी धून घ्यायचा आणि तिला उलटसुलट करत इतका लांब घेऊन जायचा की मला आपल्या रागगायनातल्या बढतीचीच आठवण झाली, शेजारी बसलेले एक पारशी गृहस्थ मान डोलावत “क्या बात है” म्हणाले आणि मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. नंतर चालत व्हीटीला, शेवटची लोकल. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात गेला, शेजारी हॉस्पिटलं आहेत, आणि तिथल्या मैफली बंद पडल्या. कारण पटतं, तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. तेवढं मोठं आणि तरीही जवळचं वाटणारं दुसरं ठिकाण मुंबईला मिळालं नाही.

* * *

काका, भाग्यवान आहात!

माझा अनुभव बाबांबरोबरचा. पिंक फ्लॉइड बँडचा रॉजर वॉटर्स २००७ मध्ये मुंबईत आला होता, बीकेसीच्या मैदानावर, आणि उत्तरार्धात त्या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ अल्बम अख्खा वाजवला. बाबा तबला शिकवतात, रॉकशी संबंध शून्य, माझ्यासाठी आले होते बिचारे. त्यातलं ‘मनी’ सुरू झालं आणि बाबांचा हात मांडीवर चालू झाला, म्हणाले, सात मात्रा आहेत रे! मग गिटारचा सोलो आला तसे लगेच, “आता चारात गेले.” मी ते गाणं वर्षानुवर्षं ऐकत होतो, हा सांधा मला कधी दिसलाच नव्हता. त्यानंतर घरी आम्ही दोघं मिळून प्रोग ऐकायला लागलो. जानेवारी २०२३ मध्ये शक्ती हा फ्यूजन बँड मुंबईत आला तेव्हा तिकिटं बाबांनीच काढली. गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन ८१ वर्षांचे, तबल्यावर झाकीरभाई (हुसेन) आणि खंजिरीवर सेल्वागणेश यांची सवालजवाबाची फेरी चालू असताना ते वाजवायचं थांबून हसत नुसते ऐकत होते. झाकीरभाई पुढच्याच वर्षी गेले. ती मैफल ऐकायला मिळाली याबद्दल मी बाबांचा फार ऋणी आहे.

* * *

न्यू जर्सीतून लिहितेय. इथे कोणी येणार असेल तर सोमवारची रात्र राखून ठेवा आणि न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबला जा. १९३५ पासूनचं तळघर आहे, अरुंद जिना उतरून जायचं. सोमवारी तिथे व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा वाजवते, थॅड जोन्स आणि मेल लुइस यांनी १९६६ मध्ये सुरू केलेली. एवढ्याशा खोलीत ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्स अशी पूर्ण फौज, पुढच्या टेबलावर बसलात तर ट्रॉम्बोन जवळजवळ तुमच्या ग्लासाला लागेल. मी दुसऱ्या एका क्लबात लोक जेवत, गप्पा मारत असताना जॅझ ऐकलंय आणि फार त्रास झाला, इथे तसं होत नाही, लोक खरोखर ऐकायला येतात. जेवण मिळत नाही, आधी खाऊन जा. जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने नाइन्थ स्ट्रीटला उतरलात की पायी जाता येतं. तिकीट मात्र आधी काढा.