पिकअपची डिझेल टाकी घरीच उतरवायची आहे, हौदा उचलू की टाकी खाली घेऊ?

हर्णैकर_पिकअपवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. गाडी 2013 ची डिझेल पिकअप, टाकी लोखंडी, हौद्याखाली (मागच्या माल भरायच्या भागाखाली) चासीच्या कडेला दोन पट्ट्यांनी आवळलेली. काम म्हणजे बंदरातून बांगडा, तारली, कोळंबी खेड-चिपळूणकडे आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या. आता 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद म्हणून गाडी मांगरात (शेडमध्ये) उभी आहे, म्हटलं रखडलेलं काम उरकून घेऊ.

प्रॉब्लेम दोन आहेत. काटा अर्ध्यावर आला की तिथेच चिकटतो आणि गाडी खड्ड्यात आपटली की एकदम रिझर्व्ह दाखवतो, परत वर जातो, त्यामुळे किती डिझेल आहे हे किलोमीटर मोजून अंदाजे धरायचं. दुसरं म्हणजे टाकी तोंडापर्यंत भरली की डिझेलचा वास सुटतो आणि घाट चढताना टाकीच्या मागच्या अंगाने ओघळ येतो, पाऊण टाकीच्या खाली गेलं की वास बंद ओघळ बंद. गॅरेजवाला म्हणतो टाकी उतरवावी लागेल, गाडी ठेवून जा, पण कधी मिळेल विचारलं की बघू म्हणतो.

यूट्यूबवर बघितलं तर अमेरिकेतले लोक बोल्ट काढून चार जण मिळून अख्खा हौदाच उचलतात आणि वरून टाकी उघडतात. माणसं आमच्याकडे आहेत, वाडीतून चेन पुली पण मिळेल. हौदा उचलणं सोपं की टाकी खाली घेणं? कोणी घरी केलंय का?

जांभा_चिरा

थांबा, आधी टाकी उतरवायची तरी गरज आहे का ते बघा. भरल्यावरच गळतं आणि कमी झाल्यावर थांबतं म्हणजे तळाला भोक नाही, गळती वरच्या भागात आहे. वर असतं काय तर डिझेल भरायच्या नळीचा मोठा रबरी होज, त्याच्या बाजूचा हवेचा बारीक होज, सेंडरचं (टाकीतली पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग) गॅस्केट आणि डिझेल जायच्या-यायच्या दोन नळ्या. त्यातले दोन्ही होज टाकी न उतरवता दिसतात, चाकाच्या बाजूने हात घालून होज वाकवून बघा, रबर वरून ठीक दिसतं पण वाकवलं की क्लॅम्पजवळ बारीक चिरा उघडतात. टाकी भरलेली असताना वरच्या बाजूला कोरडं फडकं फिरवून ठेवा, तासाभराने कुठून ओलं होतंय ते कळेल. मोबाईल सेल्फी मोडवर करून फटीतून आत सरकवला की आरशाचं काम करतो.

काट्याचं वेगळं. खड्ड्यात उडतो म्हणजे मला तरी आधी वायरिंगच्या अर्थिंगवर संशय आहे. सेंडरची अर्थची वायर चासीला जिथे बोल्टने लावलेली असते तो लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) मासळीच्या गाडीत हमखास हिरवा पडतो. काढा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, चासीचा रंगही तेवढ्यापुरता खरवडा, आवळा आणि वर ग्रीस फासा. कनेक्टरच्या पिना पण बघा. तरीही अर्ध्यावर चिकटत असेल तर मग सेंडरच्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) आतली पट्टी झिजलीय, त्याला मात्र सेंडर बाहेर काढणं आलं.

आणि ते अमेरिकन व्हिडिओ डोक्यातून काढा. त्यांच्या पिकअप बहुतेक पेट्रोलवर, फ्युएल पंप टाकीच्या आत बुडालेला, पंप गेला की टाकी उघडल्याशिवाय इलाज नाही, म्हणून त्यांना ही कला अवगत. आपल्या डिझेल गाड्यांत बहुतेक वेळा टाकीत नुसता फ्लोट आणि ओढायची नळी असते. शिवाय आपले हौदे जाड पत्र्याचे, वर लोखंडी जाळी, वजन कुठल्या कुठे.

रापण

रे बाबा, टाकीक हात लावच्या आधी होज बघ. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीक असोच वास येत होतो, टाकी उतरवन ठेवली आणि निघालो काय तर क्लॅम्प ढिलो!

बाकी चिऱ्याने सांगितलंय ते बरोबर, फक्त एक ॲड करतो. झाकण उघडताना सूं करून हवा आत जाते का ते ऐका, जात असेल तर हवेची वाट चोंदलीय, कुंभारणीने मातीचं घर केलेलं असतं कधीकधी. तसं असेल तर गाडी लांब पल्ल्यावर ओढत नाही आणि लोक उगाच फिल्टर बदलत बसतात.

हर्णैकर_पिकअपवाला

सगळं केलं. अर्थचा लग म्हणजे नुसता हिरवा चुरा होता, नवीन मारला, आता काटा उड्या मारत नाही पण अर्ध्यावर चिकटणं तसंच आहे. होज दोन्ही चांगले. फडकं ओलं झालं ते सेंडरच्या गोल झाकणाच्या कडेला, मोबाईलमध्ये तिथे ओली काळी माती जमलेली स्पष्ट दिसते. म्हणजे उघडणं आलंच.

आता पंचाईत अशी की पट्ट्याचा एक नट गंजून गोल झालाय, पाना बसतच नाही. चुलतभाऊ म्हणतो ग्राइंडर मार, नाहीतर हौद्याच्या पत्र्यालाच वरून चौकोन काप आणि झाकण बसव, पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम.

तेलकट_हात

ग्राइंडर अजिबात नको!! गॅस कटर पण नको. डिझेल पेट्रोलसारखं भुर्रकन पेटत नाही हे खरं, पण अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत वाफ भरलेली असते आणि ठिणगी टाकीपासून हातभरावर उडणार, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त वाईट. वेल्डिंगवाले जुन्या टाकीला डाग देताना गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. नटाला रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, मग पाईप पाना लावा, नाहीच हलला तर हॅक्सॉ ब्लेडने तेल सोडत सोडत कापा. वेळ जाईल, जाऊ दे, अजून बंदी उठायची आहे.

माझं मत टाकी खाली घ्या. पद्धत सांगतो, मी आयुष्यभर हेच केलंय.

टाकी जेवढी रिकामी करता येईल तेवढी करा. डिझेल लिटरला 830 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे 40 लिटर राहिलं तर तेहतीस किलो नुसतं डिझेल आणि ते आत हिंदकळतं, टाकी जॅकवर एका बाजूला झुकली की सावरत नाही. हातपंपाने काढा, तोंडाने ओढू नका, आपल्याकडे सगळे ओढतात माहितीये, पण घोट चुकून फुफ्फुसात गेला तर हॉस्पिटल, आणि गिळलं गेलं तर उलटी काढायची नाही, सरळ डॉक्टर. डिझेल स्वच्छ कॅनमध्ये घ्या, परत टाकीत जाणार आहे ते, फडक्यातून गाळून.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. मांगर तीन बाजूंनी उघडा असेल तर उत्तम, खड्ड्यावर गाडी घेऊन करू नका कारण वाफ जड, खाली खड्ड्यात साठून राहते. उजेडाला एलईडी टॉर्च, वायरवाला बल्ब लटकवायचा नाही. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर आणि घमेलंभर रेती हाताशी.

आता महत्त्वाचं. गाडी उचलायची गरज शक्यतो नसते, पिकअप उंच असते, पण उचललीत तर खाली लोखंडी घोडीच लावा, जांभ्या दगडाचा चिरा लावू नका. गावात सगळीकडे चिरे पडलेले असतात, हात पटकन तिकडेच जातो, पण ॲक्सलचा भार एका टोकावर आला की जांभा भुसभुशीत होऊन बसतो, आणि पावसात भिजलेला तर विचारूच नका.

टाकीखाली जॅक, जॅकवर प्लायवूडचा तुकडा, हलका आधार द्या, मग होज काढा, पट्टे ढिले करा आणि चार बोटं खाली घेऊन थांबा. वरच्या नळ्या आणि कनेक्टर अजून जोडलेले असतात, एकदम खाली घेतली की तुटतात. आधी ब्रश आणि हवा मारून वरची सगळी माती उडवा, मगच नळ्या सोडा, एक चिमूट वाळू आत गेली तर पुढे हजार बारच्या वर प्रेशरवर चालणारे इंजेक्टर आहेत, त्यांच्या बिलात दुसरी टाकी येईल. दोन नळ्यांना वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, जाणारी आणि परत येणारी उलटी लागली की गाडी चालू होऊन बंद पडते आणि माणूस वेडा होतो.

सेंडरची रिंग लाकडाच्या ठोकळ्याने नाहीतर पितळी दांड्याने ठोकून फिरवायची, लोखंडी छिन्नी हातोडी नको. बाहेर काढल्यावर मल्टिमीटर लावून फ्लोट हळू वर खाली करा, आकडा सरळ बदलत गेला पाहिजे, मध्येच उडाला की तिथेच पट्टी झिजलीय.

कशेडी_थर्ड_गिअर

चुलतभावाची आयडिया एवढी वाईट नाहीये हां. माझ्या आधीच्या गाडीला आधीच्या मालकाने हौद्यात झाकण केलेलं होतं, नटबोल्ट आणि खाली रबर, मी त्यातून सेंडर दोनदा बदलला, टाकीला हात न लावता. कापायचंच असेल तर टाकी काढून बाजूला ठेवल्यावर कापा, ठिणगीचा प्रश्नच नाही.

तेलकट_हात

तुमची गाडी सिमेंट वाहत असेल, ह्यांची मासळी वाहते. बर्फाचं खारं पाणी त्या झाकणाच्या कडेने थेट सेंडरवर टपकणार. मला मान्य नाही.

जांभा_चिरा

इथे तेलकटरावांच्या बाजूने. उलट मासळीच्या गाडीत टाकी खाली घेण्याचा मोठा फायदा म्हणजे पट्टा आणि टाकीमध्ये जी रबराची पट्टी असते ती उचलून बघता येते. ते रबर स्पंजसारखं खारं पाणी धरून ठेवतं आणि त्याच्याखाली पत्रा आतल्या आत खातो, बाहेरून रंग एकदम झकास. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, ठण वाजला तर ठीक, बद वाजला किंवा पापुद्रा सुटला तर ती टाकी गेली. एम-सील लावून ढकलाढकली करू नका, नवीन टाकी घ्या.

चांगली निघाली तर तळातला गाळ काढा, काळा बुळबुळीत थर असेल तर आत पाणी आहे, पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं. पुढच्या बंदीत उभी करताना भरून ठेवा. आणि हौद्यातल्या बर्फाच्या पाण्याला एक पाईप लावून ते मागच्या चाकाच्याही मागे सोडा, आत्ता ते कुठे पडतंय ते बादलीभर पाणी ओतून बघा, टाकीवरच पडत असणार.

कशेडी_थर्ड_गिअर

बरं बाबा, हरलो 😄 पण माझी आताची बीएस 6 (नव्या प्रदूषण नियमांची) आहे, तिला पण हेच लागू का?

तेलकट_हात

टाकी उतरवायची पद्धत तीच, पण प्लास्टिकची असेल तर जॅकवर प्लायवूड मोठं घ्या, आणि वायरिंगमध्ये टेस्टसाठी तार शॉर्ट करायचे जुने प्रकार करू नका, कंट्रोलर महाग असतो. सीएनजी असेल तर हे सगळं विसरा, सिलेंडरमध्ये 200 बार असतात, तिथे ऑथराइज्ड माणूसच हवा.

हर्णैकर_पिकअपवाला

ठरलं, टाकी खाली घेतो, झाकणबिकण नाही. नटावर कालपासून स्प्रे मारतोय, जरा हलल्यासारखा वाटतोय. फक्त एक, गॅस्केट आधीच मागवून ठेवू का? दापोलीत मिळेलसं वाटत नाही.

तेलकट_हात

मागवू नका, आधी उघडा. झाकण आणि रिंगचा काठ गंजलेला असेल तर नुसतं गॅस्केट घालून परत गळेल, मग अख्खा सेंडर गॅस्केटसकट घ्यावा लागतो. जुना सेंडर पिशवीत घालून दुकानात घेऊन जा आणि फ्लोटच्या दांड्याची लांबी नव्याला जुळवून बघा, दिसायला सारखे असतात पण दांडा लहान-मोठा निघाला की काटा चुकीचं दाखवेल. जुनं गॅस्केट परत घालू नका, डिझेल पिऊन फुगलेलं असतं, एकदा काढलं की खाचेत बसत नाही. परत चढवल्यावर फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा मग स्टार्टर मारा, आणि आधी दहाच लिटर टाकून खाली वाकून बघा, नंतर तोंडापर्यंत भरून परत फडकं.