मदत हवी आहे: गाव इको-सेन्सिटिव्ह झालं तर जुन्या घराच्या दुरुस्तीचं आणि चिऱ्यांचं काय?

मंडळी, नमस्कार.

सावंतवाडी तालुक्यातलं आमचं गाव पश्चिम घाटाच्या प्रस्तावित इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) गावांच्या यादीत आहे. ३१ जुलै २०२४ ला केंद्राने काढलेला अधिसूचनेचा मसुदा हा २०१४ पासूनचा सहावा. त्यात सहा राज्यांचं मिळून ५६ हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र येतं, पैकी महाराष्ट्राचं १७,३४०. आता ग्रामसभेत हा विषय पुन्हा येतोय आणि सरसकट विरोधाचा ठराव करून टाकावा, असा गावात सूर आहे. "आता भिंतीक खिळो मारूक पन दिल्लीची परवानगी लागतली," असं आमचे काका सगळ्यांना सांगतायत. सातबारावर भावकीतली डझनभर नावं आहेत, चुलतभाऊ नवं घर बांधायच्या तयारीत आहे, त्यामुळे काकांची धास्ती मला समजते.

मी मसुदा बसून वाचला. राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण याला प्रचलित नियमांत राहून आडकाठी नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बांधकामावरची बंदी आहे ती २० हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांवर. ५० हेक्टर आणि त्यापुढच्या टाउनशिपवरही आहे. म्हणजे चुलतभावाच्या घराला धोका दिसत नाही. माझं वाचन बरोबर आहे ना? नवीन घरासाठी ग्रामपंचायत किंवा तहसील पातळीवर वेगळा अडथळा येऊ शकतो का?

माझा खरा प्रश्न चिऱ्यांचा, म्हणजे घर बांधायच्या जांभ्या दगडांचा आहे. मागच्या पावसात पडवीचा कोपरा बसला. न्हाणीघराच्या बाजूचे चिरे इतके भुसभुशीत झालेत की बोटाने खरवडलं तरी लाल भुगा हातात येतो. ती भिंत उतरवून नव्याने चढवायला हवी, आणि चिरे शेजारच्या गावातल्या खाणीतून येतात. मसुद्यात मात्र खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर पूर्ण बंदी आहे. चालू खाणी अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, यांतलं जे आधी होईल तेव्हा बंद करायच्या आहेत. चिरेखाण यात धरतात का? धरत असतील तर दुरुस्तीला परवानगी असून उपयोग काय, चिरा आणायचा कुठून?

दुसरं, घरावर ऐनाचं एक झाड झुकलंय. दोडामार्ग तालुक्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ पासून वृक्षतोड बंद आहे. शिवाय सावंतवाडी-दोडामार्ग या वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गातल्या २५ गावांना संवेदनशील जाहीर करण्याबद्दल त्याच न्यायालयाचा मार्च २०२४ चा निकाल आहे. त्या पट्ट्यातल्या कोणी धोकादायक झाड रीतसर काढून घेतलंय का? अर्ज वनखात्याकडे केला की तहसीलदारांकडे?

एक सांगून ठेवतो, मला ही यादी रद्द व्हायला नको आहे. रबर आणि अननसासाठी आमच्या वरचे डोंगर बुलडोझर लावून उघडे केलेत. पूर्वी मे महिन्यापर्यंत वाहणारा व्हाळ आता शिमग्यालाच आटतो. लोहखनिजाच्या खाणी आल्या तर बागायतीचं काय होतं, हे जवळच्या गावांनी पाहिलंय. त्यामुळे सरसकट विरोधाच्या ठरावावर सही करायला माझा हात धजणार नाही. पश्चिम घाटाचा अभ्यास केलेल्या गाडगीळ समितीने ग्रामसभांशी बोलून ठरवा म्हटलं होतं, तसं आमच्या ग्रामसभेने अटी घालून होकार द्यावा असं मला वाटतं. गावातल्या घरांपुरता चिरा ग्रामपंचायतीच्या देखरेखीखाली काढता यावा, ही त्यातली पहिली अट.

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत हे माहीत आहे, पण तिथल्या घरमालकांना विचारायचंय: बँकेने गृहकर्जाला खळखळ केली का? वारसनोंद, वाटणी, खरेदीखत यांत काही अडलं का?

आणि कुठल्या गावाने असा अटींसह ठराव केला असेल तर त्याची प्रत व्यक्तिगत निरोपातून पाठवाल का? नावं खोडून पाठवली तरी चालेल. आमच्या ठरावाचा मसुदा नीट तयार करून ग्रामसभेआधी सरपंचांना आणि काकांना दाखवायचा आहे.