'टेक' या क्रियापदासोबत नेमकी कोणती नामे येतात?

रानजाई (प्रश्न):
नववीच्या मुलांना इंग्रजी लेखन शिकवताना 'टेक' या क्रियापदापाशी गाडी हमखास अडते. 'घेणे' हा अर्थ सांगितला की 'टेक पार्ट', 'टेक केअर', 'टेक रिव्हेंज' त्यांना चटकन उमगतात, कारण भाग, काळजी आणि सूड आपणही घेतच असतो. पण तीच मुले पुढे 'आय गेव्ह माय एक्झाम' असे लिहितात. याद्या पाठ करून घेण्यावाचून काही उपाय आहे का?

कोराकागद:
परीक्षेच्या बाबतीत दोन्ही भाषांची दिशाच उलटी आहे. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो, ब्रिटिश वळणाने 'सिट'ही करतो, आणि 'गिव्ह' शिक्षकाच्या वाट्याला येते. त्यामुळे मुलांचे ते वाक्य वाचून लंडनच्या वाचकाला लिहिणारा परीक्षक वाटू शकतो. भारतीय इंग्रजीत हा प्रयोग इतका रुळला आहे की बोलताना कुणी हटकणार नाही. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या अर्जात मात्र तो टाळलेला बरा.

सांजवारा:
यादी हवीच असेल तर ती क्रियापदावरून न करता नामावरून करावी, असे मला वाटते. 'टी' या नामाखाली 'हॅव' लिहावे, म्हणजे 'चहा घेणार का?' याचे 'विल यू टेक टी?' होणार नाही. 'लोन'खाली 'टेक आउट' लिहावे. 'टेन्शन'खाली काहीच लिहू नये, कारण 'डोन्ट टेक टेन्शन' हे आपले घरगुती इंग्रजी आहे, तेथे 'डोन्ट वरी' पुरते. वेळेचे उदाहरण मात्र वेगळे शिकवावे लागते: पुण्याहून मुंबईला जायला तीन तास 'लागतात', तेथे इंग्रजीत 'इट टेक्स थ्री अवर्स' येते, आणि 'घेणे' डोक्यात बसलेल्या मुलाला ते आपणहून सुचत नाही. 'टेक' आणि 'ब्रिंग' यांतला फरक समजावताना 'नेणे' व 'आणणे' ही जोडी थेट उपयोगी पडते.

उंबरठा:
वरील सूचनांना एकच पुरवणी. पेपर तपासताना 'टेक अ डिसिजन'वर लाल रेघ मारू नका. अमेरिकेत 'मेक' अधिक चालत असले, तरी ब्रिटिश इंग्रजीत 'टेक' शुद्धच आहे. आंघोळीचेही तसेच: ब्रिटनमध्ये सहसा 'हॅव अ बाथ', अमेरिकेत 'टेक अ बाथ'.