मदत हवी आहे: 'अशुग'ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या छोट्या फिल्म क्लबात येत्या शनिवारी सोव्हिएत दिग्दर्शक पाराजानोवचा 'द कलर ऑफ पोमेग्रेनेट्स' (1969) हा आर्मेनियन कवी सायात-नोवावरचा चित्रपट दाखवतोय. प्रेक्षक तीसेक. इंग्रजी सबटायटल्स आहेत, तरी मराठीत एकपानी टिपण वाटायचं आहे. संवाद जवळपास नाहीतच. पांढऱ्या कापडावर तीन डाळिंबं, त्यांचा लाल रस पसरत जातो, आणि बघणारा गोंधळतो. म्हणून टिपण.

मी 2014 ची पुनर्संचयित, आर्मेनियन आवृत्ती घेतली आहे. दुसरा दिग्दर्शक युत्केविच याने सोव्हिएत प्रदर्शनासाठी पुन्हा कापलेली नव्हे. त्यामुळे आवृत्तीचा प्रश्न मिटलाय. मूळ नाव 'सायात-नोवा' होतं, सेन्सॉरमुळे ते बदललं आणि कवीचं नावही गाळलं गेलं, हे टिपणात आहेच.

अडलंय ते एका शब्दावर. सायात-नोवा हा अठराव्या शतकातला 'अशुग': स्वतः रचणारा, गाणारा, कमांचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारा, जॉर्जियाच्या राजदरबारातला, पुढे पाद्री झालेला. 'शाहीर' लिहिलं तर डोळ्यासमोर लगेच डफ आणि पोवाडा येतो (लावणी आठवली तर निदान प्रेमकविता तरी जुळते). 'भाट' म्हणजे नुसती स्तुती. 'संतकवी' तर चुकीचंच. 'अशुग' तसाच ठेवून तळटीप द्यायचा प्रयत्न केला, पण पहिल्याच ओळीत तळटीप आली की लोक कागदाची घडी घालतात.

शब्द पहिल्या वाक्यातच लागणार आहे आणि समजावायला फार तर चार-पाच शब्दांची जागा आहे. अशा वेळी तुम्ही 'शाहीर' वापराल, की 'अशुग'च ठेवाल? आणि ठेवलात तर त्याच वाक्यात तो कसा उलगडाल?