मदत हवी आहे : बाजू दुप्पट असली तरी समोरचा कोन दुप्पट का नसतो?

नमस्कार,

गुहागर तालुक्यातील आमच्या गावात मी नववीच्या काही मुलामुलींना संध्याकाळी भूमिती शिकवते. सध्या त्रिकोणाच्या बाजू आणि कोन यांच्यातील असमानतेचे गुणधर्म चालू आहेत आणि त्यांतील एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोणत्याही दोन बाजूंच्या लांबींची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, हे मुलांना पटायला वेळ लागला नाही. माडाच्या झावळीचे हीर ४, ५ आणि १० सेंटिमीटरचे कापून दिले. दोन आखूड हीर लांब हिराच्या टोकांना लावून आत कितीही झुकवले तरी त्यांची टोके भिडत नाहीत. पार आडवे केले तरी मध्ये एक सेंटिमीटरची फट उरते. शिवाय धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने खाडी ओलांडणे आणि चिपळूणवरून वळसा घालून जाणे यांतला फरक इथल्या मुलांना वेगळा सांगावा लागत नाही, जरी तो वळणावळणाचा रस्ता म्हणजे काटेकोर त्रिकोणाच्या बाजू नव्हेत.

मोठ्या बाजूसमोरील कोन मोठा असतो, याची सिद्धताही त्यांनी नीट समजून घेतली. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब ही बाजू अक पेक्षा मोठी असेल, तर अब वर ड हा बिंदू असा घ्यायचा की अड आणि अक समान होतील. मग त्रिकोण अडक समद्विभुज होतो, म्हणून कोन अडक आणि कोन अकड समान होतात. कोन अडक हा त्रिकोण डबक चा बाह्यकोन असल्याने कोन ब पेक्षा मोठा आहे, आणि कोन अकड हा तर कोन अकब चा केवळ एक भाग आहे. त्यामुळे कोन क हा कोन ब पेक्षा मोठा ठरतो. ही सिद्धता मला फार आवडते, कारण तीत मोजपट्टी किंवा कोनमापक यांचा आधार कुठेच घ्यावा लागत नाही.

अडचण यापुढची आहे. एका मुलीने ३, ६ आणि ७ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढला आणि कोन मोजले. अनुक्रमे २५, साडेअठ्ठावन्न आणि साडेशहाण्णव अंश आले. तिचे म्हणणे असे की, ६ ही ३ ची दुप्पट आहे, पण कोन दुपटीहून अधिक आहे. ७ ही ६ पेक्षा एकाच सेंटिमीटरने मोठी आहे, पण कोन एकदम अडतीस अंशांनी वाढला. मग लहानमोठेपणाचा क्रम टिकतो आणि प्रमाण मात्र टिकत नाही, असे का?

बाजू भागिले समोरील कोनाचे साइन (कोनाच्या मापावरून ठरणारे एक गुणोत्तर) हे तिन्ही वेळा सारखेच येते, हे मला ठाऊक आहे. पण सूत्र सांगून तिचे समाधान होईल असे वाटत नाही. शिवाय ९० अंशांनंतर साइनची किंमत कमी होत जाते. असे असताना विशालकोनासमोरचीच बाजू सर्वांत मोठी कशी राहते? हे आकृतीतून दाखवता येईल का?

प्रतिसाद :

नमस्कार. आपल्या विद्यार्थिनीने फार मोलाचा प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर त्या त्रिकोणाच्या परिवर्तुळात सापडते.

तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे वर्तुळ काढा. त्याचा व्यास ७ सेंटिमीटरहून किंचित जास्त येईल. आता प्रत्येक बाजू ही वर्तुळाची जीवा, म्हणजे वर्तुळावरील दोन बिंदू जोडणारा रेषाखंड आहे, आणि समोरील कोन हा त्याने आंतरखंडित केलेल्या, म्हणजे त्याच्या भुजांमध्ये सापडलेल्या, कंसाच्या (वर्तुळाच्या भागाच्या) मापाच्या निम्मा आहे. म्हणजे कंस ५०, ११७ आणि १९३ अंशांचे झाले. कोनाचे प्रमाण कंसाशी आहे, जीवेशी नाही. कंस वाढू लागला की जीवा आधी भराभर वाढते, पण व्यासाजवळ येताना तिची वाढ अगदी मंदावते, कारण व्यासापेक्षा मोठी जीवा असूच शकत नाही. म्हणून ६ वरून ७ वर जाण्यासाठी कंसाला एवढा मोठा पल्ला गाठावा लागला.

विशालकोनाची शंकाही याच आकृतीत सुटते. १९३ अंशांचा कंस अर्धवर्तुळाहून मोठा आहे, त्यामुळे त्याची जीवा व्यासापेक्षा लहान होऊ लागली हे खरे. पण उरलेला कंस १६७ अंशांचाच आहे, त्याची जीवा तीच ७ सेंटिमीटरची आहे, आणि बाकीचे दोन्ही कंस त्याचेच तुकडे आहेत. अर्धवर्तुळाहून लहान कंसाच्या तुकड्याची जीवा त्या कंसाच्या जीवेपेक्षा लहानच असते. म्हणून साइन कमी होऊ लागले तरी क्रम बिघडत नाही.

अंतर्लिखित कोनाचे प्रमेय दहावीत येते. तोवर मुलांना केंद्राशी होणारे कोन मोजून निम्मेपणा पडताळू द्यावा. ७ सेंटिमीटरच्या बाजूसमोरील कोनासाठी मात्र केंद्राशी १८० अंशांहून मोठा कोन मोजावा लागेल, हे आधीच सांगून ठेवावे. आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवावी : १० सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात त्या बाजूसमोरील कोन ६० अंशांचा असतो, तर ३, ४, ५ बाजूंच्या त्रिकोणात ५ समोरील कोन ९० अंशांचा असतो. वर्तुळे वेगळी असल्याने एका त्रिकोणाच्या बाजूवरून दुसऱ्या त्रिकोणाच्या कोनाविषयी ‘मोठ्या बाजूसमोरील कोन मोठा’ या प्रमेयाच्या आधारे काहीही म्हणता येत नाही.