अनुभव धागा: वर्षभर टिकलेली एक तरी सवय सांगा

नाशिककर मंडळी, आहाराचे तक्ते इथे नकोत. ते सगळ्यांच्या फोनमध्ये पडून आहेत. तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या वेळा सांभाळून बसलेली आणि निदान वर्षभर टिकलेली सवय लिहा. ती कशी लागली आणि मध्ये कुठे अडली, तेही लिहा. औषधात बदल मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा. सुरुवात मी करते.

इंदिरानगर
दोन वर्षांपूर्वी बाबांचं एचबीए१सी ८.४ आलं. ही तपासणी रक्तातल्या साखरेचा साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे "परवा लग्नात जेवलो होतो" हे कारण चाललं नाही. आमचं मूळ गाव पेठ तालुक्यातलं, नागली (नाचणी) घरची. गहू बंद करून आई दोन्ही वेळा आंबील द्यायला लागली. दोन तासांनी बोट टोचलं की आकडा २२० च्या वर. आईच्या मनाला ते फार लागलं. डॉक्टरांनी समजावलं, की नागलीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण शेवटी ते धान्यच, आणि पातळ शिजवून प्यायलं की साखर भराभर चढते. मग आंबील गेलं आणि भाकरी आली, तीही मोजून एक. आधी वाटीभर काकडी-मुळा, मग मुगाची उसळ नाहीतर मेथी, आणि त्याच्याबरोबर भाकरी.

भाकरी आधी थापतानाच चिरायची. आता आई पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घालते, गॅस बंद करून पीठ टाकते, उलथन्याच्या दांड्याने ढवळते आणि पाच मिनिटं झाकून ठेवते. गरम असतानाच परातीत घेऊन, हात पाण्यात बुडवत, तळहाताच्या टाचेने मळते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवते आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटते. अशी भाकरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

जेवल्यावर बाबा आता पंधरा मिनिटं आवारात चालतात. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, हे त्यांनी स्वतः मीटरवर पाहिलं. तेच जेवण, बसून राहिले तर १९५, चालले तर १६०. गेल्या महिन्यात एचबीए१सी ६.९ आलं. गोळी चालू आहे.

अंबड, एमआयडीसीत तीन शिफ्ट
नाइटला रात्री दोनला भूक लागते. गेटबाहेर वडापाव आणि चहा, असं सहा वर्षं चाललं. सकाळी घरी यायचो तेव्हा छातीत जळजळ, आणि झोप तुटक. आता निघताना नऊला पोटभर जेवतो. डब्यात मूठभर फुटाणे, एक पेरू, बाटलीत ताक. शेवटचा चहा एकला, त्यानंतर नाही, कारण चहाचा असर कित्येक तास राहतो आणि सकाळची झोप तोच खातो. खिडकीला बायकोने जाड चादरीचा पडदा शिवला. दिवसाच्या झोपेसाठी या एका गोष्टीचा जितका उपयोग झाला, तितका कशाचाच नाही. शिफ्टवाल्यांनो, आधी अंधार करा, बाकीचं नंतर.

नाशिकरोड
माझं हिमोग्लोबिन ८.९ होतं. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्या, फरक शून्य. मग डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" चहाबरोबर! चहातलं टॅनिन लोह शोषूच देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असं २०२४ च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेतही आहे. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा दीड तासाने. तीन महिन्यांत ११.८. बायकांनी स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावंच. बाईसाठी १२ हवं. "थकवा तर असतोच" म्हणत मी दोन वर्षं घालवली, त्याचं अजून वाईट वाटतं.

पंचवटी
मी बुधवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणते. घरी येताच निवडून, कोरडी करून, कापडात गुंडाळून ठेवते. निवडलेली असली की केली जाते, नाहीतर बटाटाच होतो. एवढंच.

सातपूर
बीपी १४८/९२ निघालं. मीठ तर भाजीत बेताचंच होतं. शोधल्यावर सापडलं ते पापड, लोणचं आणि चिवड्यात. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, ही सगळी मिळूनची मर्यादा. पापड आता सणाला. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसतो, आधी अर्धा तास चहा नाही. पूर्वी जिना चढून लगेच पट्टा बांधायचो आणि आकडा बघून घाबरायचो.

कॉलेज रोड
रविवारची मिसळ सोडा, असं कुणी लिहायच्या आत लिहितो. आमच्याकडे रविवारी सगळे भाऊ त्यासाठीच भेटतात, ती सुटणार नाही आणि सुटू नये. मटकी जास्त मागतो, तर्री वाटीत वेगळी, पाव एक. आणि जाताना-येताना सायकल. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, त्या वर्षी घेतलेली सायकल आहे, अजून तीच चालते.

गंगापूर रोड, वय ७१
मी रोज चालायचे, तरी बाथरूममध्ये पडले. मनगट मोडलं. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, चालणं चांगलंच, पण मांड्यांत ताकद हवी आणि तोल हवा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे आणि दहा वेळा उठायचं-बसायचं. पहिल्या दिवशी तीनच जमले. आता दहाचे तीन फेरे होतात. ओट्याला धरून एका पायावर उभं राहते, दूध उतू जाईपर्यंत लक्ष तिथेच असतं, म्हणून वेळही जातो. मागच्या हिवाळ्यात नातीबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढले. दोनदा थांबले, पण वर पोचले आणि सगळं नाशिक पाहिलं.

इंदिरानगर
आजी, तुमचं बाबांना वाचून दाखवलं. लगेच जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला लावली. सहा वेळा उठले, सातव्याला हात टेकावा लागला. उद्या पुन्हा करणार म्हणतात.